सचोटीला गुण कसे द्यायचे?

प्रश्न : संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका असते. त्यात उत्तम गुण मिळवणारा अधिकारी पुढे सचोटीने वागेलच, असे मानता येईल का?

उत्तर : नाही. २०१३ पासून घेतली जाणारी ही प्रश्नपत्रिका, उमेदवार प्रसंगातला पेच ओळखून निर्णयाची कारणे मांडू शकतो का, एवढेच तपासते (शिकवणीवर्गात घोटलेल्या उत्तरांतून तेही धड कळत नाही). वरिष्ठांच्या दबावाखाली तो काय करील, हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनीही नैतिक निर्णयशक्ती आणि प्रत्यक्ष कृती हे घटक वेगळे मानले होते.

सेवेत आल्यावर वार्षिक मूल्यमापन अहवालात सचोटीचा रकाना असतो. शंका असल्यास तो कोरा ठेवून स्वतंत्र गुप्त टिपण लिहावे, असा केंद्राचा दंडक आहे. पण वाईटपणा कोण घेणार, म्हणून ठरावीक शेरा मारून मोकळे होणेच वरिष्ठांना सोयीचे पडते. माझ्या मते फाईल अधिक बोलकी असते. अखिल भारतीय सेवा वर्तणूक नियम, १९६८ नुसार तोंडी आदेशाला लेखी दुजोरा मागायचा असतो; तो मागितला का आणि प्रतिकूल मत नोंदवले का, हे तिथे तारखेसह सापडते.