ट्रॅव्हल ट्रेलर मागे लावून हायवेवर किती स्पीड ठेवावा? गाडी ११० ने आरामात ओढते, तरी ९० च धरायचा का?

तुम्ही लिहिलंय की पहिलाच ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायची राहण्याची खोली) घेतलाय, साडेसहा मीटरचा, भरून साधारण २००० किलो होतो, गाडी दणकट आहे आणि ११० ला सुद्धा इंजिन कुरकुरत नाही, पण ओळखीतले जाणते लोक ९० च्या वर जाऊ नका म्हणतात, तर त्यांचं ऐकायचं की गाडीचं. त्यांचं ऐका. ९० धरा. रस्ता सपाट आणि कोरडा, वारा पडलेला, टायर चांगले, वजन काट्यावर मोजलेलं, असं सगळं जुळून आलं तर ९५, फार तर १००, त्याच्या वर नाही, मग पाटीवर १२० लिहिलेलं का असेना. मी बारा वर्षं ट्रेलर ओढतेय आणि सुरुवातीची दोन वर्षं मी पण तुमच्यासारखाच विचार करायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"आरामात ओढते" हा जो शब्द तुम्ही वापरलाय ना, तिथेच घोळ आहे. ओढणं हा प्रश्नच नाहीये हो, आताच्या गाड्यांना ताकद भरपूर असते. प्रश्न आहे वेळेवर थांबण्याचा आणि मागचं ते धूड सरळ रेषेत ठेवण्याचा, आणि या दोन्ही गोष्टी इंजिनाच्या हातात नाहीत. इंजिन तुम्हाला ११० ला काहीच सांगणार नाही, स्टीअरिंग पण सांगणार नाही, सगळं छान चाललंय असंच वाटत राहणार, आणि जेव्हा कळेल तेव्हा तीन-चार सेकंद हातात असतील.

मला कसं कळलं ते सांगते. लांबलचक उतार होता, मी ९५ वर होते असं मला वाटत होतं, पण उतारावर मागून ढकललं जातं तसा स्पीड हळूहळू १०८ वर गेला होता आणि माझं लक्ष नव्हतं. त्या दिवशी पुढची पाण्याची टाकी रिकामी केली होती, मागच्या रॅकवर दोन सायकली होत्या आणि ओली कनात घाईघाईत मागच्याच कप्प्यात कोंबली होती. म्हणजे पुढचं वजन कमी आणि शेपटीला वजन जास्त. शेजारून एक मोठी बस गेली. मोठं वाहन ओव्हरटेक करतं तेव्हा आधी हवेचा दाब ट्रेलरला बाहेर ढकलतो आणि ते पुढे सरकलं की आत ओढतो, हे नेहमीचंच आहे, पण त्या दिवशी तो धक्का विरलाच नाही. एका आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसली, मग गायब झाली, मग दुसऱ्या आरशात दुसरी बाजू दिसली, मग परत पहिली, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. गाडीची मागची बाजू सीटखालून सरकतेय असं जाणवत होतं. माझ्या सुदैवाने ब्रेक कंट्रोलरचा (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) हाताने दाबायचा खटका कुठे आहे ते बोटांना पाठ होतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ धरलं, खटका दाबला, फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले आणि दोर ताणल्यासारखा तो मागे सरळ झाला. पुढच्या थांब्यावर मी अर्धा तास नुसती बसून होते, हात थरथरत होते.

यात होतं काय, तर ट्रेलर हा हिचला, म्हणजे गाडीमागच्या जोडणीला, टांगलेल्या लंबकासारखा आहे. कमी स्पीडला धक्का बसला तर एकदा हलतो आणि शांत होतो. स्पीड वाढत जातो तसतसं ते हलणं शांत व्हायला जास्त वेळ लागतो, आणि एक स्पीड असा येतो की ते शांत होतच नाही, त्याच्या वर गेलात की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. तो स्पीड प्रत्येक ट्रेलरचा वेगळा आणि खरं तर त्याच ट्रेलरचा प्रत्येक ट्रिपला वेगळा, कारण तो सामान कुठे भरलंय त्यावर ठरतो. माझा एरवी बहुतेक १२० च्या पलीकडे असणार, त्या दिवशी सायकली आणि कनातीने तो १०८ च्या खाली आणून ठेवला होता. म्हणून "मी नेहमी ११० ने जातो, कधी काही झालं नाही" या वाक्याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

असं झालं तर जोरात ब्रेक दाबू नका, उलटसुलट स्टीअरिंग मारून ट्रेलरचा पाठलाग करू नका, आणि स्पीड वाढवला की सरळ होतो असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, ते अत्यंत चुकीचं आहे, त्याने तुम्ही अजून वरच्या स्पीडला जाता जिथे हेलकावे अजून वाढतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ, खटका असेल तर दाबा. युरोपातल्या धाटणीचे जे ढकलब्रेकवाले ट्रेलर असतात (गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्यानेच त्याचे ब्रेक लागतात) त्यांना खटका नसतो, तिथे अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं.

आता वजन. हिचवर खाली जे वजन पडतं, टंग वेट म्हणतात, ते अमेरिकन धाटणीच्या ट्रॅव्हल ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. तुमच्या २००० किलोला २०० ते ३०० किलो. युरोपियन कॅरॅव्हॅनचा, म्हणजे तिकडच्या ट्रॅव्हल ट्रेलरचा, हिशोब वेगळा, तिथे साधारण ५ ते ७ टक्के आणि गाडी, हिच या दोन्हींची स्वतःची मर्यादा, त्यातली जी कमी असेल ती पाळायची. जड सामान चाकांच्या वर आणि किंचित पुढे, शेपटीला काही नाही. पाणी विसरू नका, १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि टाकी पुढे आहे की मागे यावर सगळं गणित फिरतं. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (हिचवरचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी जोडणी), स्वे कंट्रोल (हेलकावे दाबणारी सोय) वगैरे जरूर लावा, मी पण लावलंय, पण ते लावलंय म्हणून १० ने स्पीड वाढवायचा नाही, कारण ते हलणं दाबून ठेवतं आणि वाईट भरलेला ट्रेलर चांगला वाटायला लागतो.

टायर. खाली बसा आणि ट्रेलरच्या टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचा, साइजच्या शेजारी एक अक्षर असतं. जे म्हणजे १००, के म्हणजे ११०, एल १२०, एम १३०, एन १४०. ट्रेलरसाठीचे जे एसटी (स्पेशल ट्रेलर) छापाचे टायर असतात त्यांच्यावर अक्षरच नसेल तर ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ च्या आसपास, ही हद्द धरायची असा जुना दंडक आहे. आणि हे अक्षर म्हणजे टायर धडधाकट, हवा पूर्ण आणि वजन मर्यादेत असतानाची वरची हद्द, रोज तिथे चालवा असा त्याचा अर्थ नाही. टायरला मारते ती उष्णता, आणि उष्णता तीन गोष्टींनी वाढते, स्पीड, जास्त वजन आणि कमी हवा, तिन्ही एकत्र आल्या की टायर फुटतो.

मी दर थांब्यावर ट्रेलरभोवती एक फेरी मारते आणि प्रत्येक टायरला आणि चाकाच्या मधल्या भागाला तळहात लावते. एकदा चारपैकी तीन टायर सारखे कोमट होते आणि चौथ्यावर हात ठेववत नव्हता. गेज लावला तर हवा बरीच कमी, व्हॉल्व्ह गळत होता. चालवताना मला काहीही जाणवलं नव्हतं, दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचा एक टायर बसत चालला तरी ड्रायव्हरला समोर कळत नाही. तेव्हापासून टायरप्रेशर दाखवणारे सेन्सर बसवलेत, पण हात लावणं सोडलेलं नाही, कारण बेअरिंग गरम झालंय हे तो सेन्सर सांगत नाही.

थांबण्याचं गणित मी एकदा कागदावर मांडलं होतं आणि त्यानंतर माझ्या डोक्यातून ११० कायमचं गेलं. समजा पुढे अडथळा दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद लागतो, आणि गाडी-ट्रेलर मिळून दर सेकंदाला स्पीड १८ ने कमी होतो, कोरड्या रस्त्यावर. ९० ला असाल तर दीड सेकंदात साडेसदतीस मीटर आणि ब्रेक लागल्यावर साडेबासष्ट, बरोब्बर १०० मीटरवर तुम्ही थांबलेले असता. ११० ला असाल तर त्याच १०० मीटरच्या जागी तुम्ही अजून ७० च्या आसपास स्पीडने जात असता. परत वाचा, अजून ७० ने. पूर्ण थांबायला अजून ३९ मीटर लागतात. आणि यातून वाचतं काय, ३०० किलोमीटरला ९० ने ३ तास २० मिनिटं लागतात आणि ११० ने २ तास ४४ मिनिटं, म्हणजे ३६ मिनिटं. त्यात हवेचा विरोध ९० पेक्षा दीडपट झालेला असतो, ट्रेलरचं तोंड म्हणजे सपाट भिंतच की, त्यामुळे इंधन जास्त पितं आणि भरायला एकदा जास्त थांबलात की त्या ३६ मिनिटांतली बरीच तिथेच जातात.

कायद्याचं म्हणाल तर तुम्ही जिथे चालवता तिथला आधी बघा, बऱ्याच ठिकाणी ट्रेलर लावल्यावर मर्यादा वेगळी असते आणि ती पाटीवर लिहिलेली नसते. कॅलिफोर्नियात ५५ मैल म्हणजे ८८. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल म्हणजे ९६, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायचंच नाही. जर्मनीत ८०, आणि १०० ची खास परवानगी हवी असेल तर ट्रेलरचे टायर ६ वर्षांच्या आतले लागतात. बघा ना, सगळे फिरून फिरून ८० ते १०० मध्येच येतात.

उलट बाजू पण आहे. घाबरून ६० ने जाऊ नका. मागून ट्रक येतात, सगळे तुम्हाला ओव्हरटेक करत राहतात आणि प्रत्येक वेळी तो हवेचा धक्का. सगळ्यात हळू लेनमध्ये ट्रकांच्या स्पीडने जाणं मला सगळ्यात निवांत वाटतं, युरोपात तर मोठ्या ट्रकना ९० च्या आसपास लिमिटरच असतो, म्हणजे ९० ला राहिलात तर तुम्ही त्यांच्याच ओळीत, ना तुम्ही त्यांना ओलांडताय ना ते तुम्हाला.

वारा असेल तर ८०, पुलावर किंवा डोंगराच्या आडोशातून उघड्यावर येताना त्याच्याही खाली, आणि ७० ला पण ढकलत असेल तर थांबायचं, चहा पिऊन वाट बघायची, त्यात कमीपणा काही नाही. पावसात पण तसंच. उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच स्पीड कमी करून खालचा गियर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, ब्रेक तापून निकामी होतात. क्रूझ कंट्रोल फक्त सपाट कोरड्या रस्त्यावर.

तुमचा स्वतःचा आकडा काढायचा असेल तर रिकाम्या सरळ रस्त्यावर ७० पासून ५-५ ने वाढवत जा आणि हातांकडे लक्ष द्या. सरळ रस्त्यावर सतत बारीक बारीक सावरावं लागतंय का? मोठं वाहन शेजारून गेलं की ट्रेलर एकदा हलून गप्प होतोय की दोनदा-तीनदा? एकापेक्षा जास्त हेलकावे दिसले की तिथेच थांबायचं, त्यातून १० वजा करायचे, आणि घरी येऊन सामान परत लावायचं. ९० च्या खालीच असं झालं तर स्पीडचा विषय बाजूला ठेवा, तुमचं वजन चुकलंय.

या आठवड्यात आधी ट्रेलर भरून वजनकाट्यावर नेऊन आणा, एकूण वजन आणि टंग वेट दोन्ही मोजा. आकडे आले की टायरवरच्या अक्षरासकट इथे खाली लिहा, टाकी पुढे आहे की मागे ते पण सांगा, मग कुठलं सामान कुठे हलवायचं ते बघू.