पुराच्या क्लेममध्ये कंपनी निम्म्याहून कमी देतेय, व्हाउचरवर सही करू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापुरात तळमजल्याचं घर, पुराचं पाणी शिरलं, तुम्ही ४ लाखाचं नुकसान दाखवलं, सर्वेयर (नुकसान मोजायला कंपनी नेमते तो माणूस) येऊन गेला आणि आता कंपनी १ लाख ६० हजार देतो, व्हाउचरवर, म्हणजे ही रक्कम मान्य आहे अशा कागदावर, सही करून पाठवा म्हणते. बिलं बहुतेक पाण्यात गेली. आणि वास मारणारा सोफा अजून पडवीत आहे, तो टाकू का.

सही आज करू नका. दोन दिवसांनी केली तरी काही बिघडत नाही.

मी ना वकील ना एजंट, शाळेत क्लार्क आहे, पण सांगलीवाडीत माहेर आहे आणि २०२१ च्या पुराचा वडिलांच्या घराचा क्लेम मीच लढवला, म्हणून सांगते. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (धोका पातळी ४५), तेव्हा आमच्याकडे विमाच नव्हता, सगळं खिशातून केलं. दादा म्हणजे माझे वडील, ते म्हणायचे पूर काय रोज येतोय का. दोनच वर्षांत परत आला. पण त्या मे महिन्यात मी भांडून पॉलिसी काढून ठेवली होती, हजाराच्या आतबाहेर हप्ता, एवढंच नशीब.

आधी एक गोष्ट तपासा, कारण तुम्ही लिहिलंय विमा बँकेने होम लोनबरोबर दिला. लोनबरोबर बँका दोन वेगळ्या गोष्टी गळ्यात मारतात. एक म्हणजे कर्ज घेणारा गेला तर कर्ज फिटावं म्हणून असलेला जीवन विमा आणि दुसरा खरा घराचा विमा. लोकांना दोन्ही एकच वाटतं. सर्वेयर येऊन गेलाय म्हणजे तुमचा घराचाच आहे, पण तो फक्त बांधकामाचा आहे की आतल्या सामानाचाही ते शेड्यूलमध्ये बघा. शेड्यूल म्हणजे पॉलिसीची पहिली एकदोन पानं, ज्यात रकमा असतात. बऱ्याच जणांकडे तेवढंच असतं, सगळ्या अटी असलेलं पुस्तक नसतं. ते कंपनीकडून ईमेलवर मागून घ्या, खरी लढाई त्या पुस्तकातल्या शब्दांवर आहे.

पॉलिसीचं नाव काय तेही बघा. १ एप्रिल २०२१ पासून इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांना विकायला लावली. तुमची तीच असेल तर बरंच सोपं आहे. त्यात पूर, वादळ, दरड, आग, भूकंप सगळं येतं, आणि बांधकामाचा विमा घेतला की घरातलं साधं सामान आपोआप त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत धरलं जातं, जास्तीत जास्त १० लाख, आणि त्यासाठी आधी यादी दिलेली असावी लागत नाही. आमचं बांधकाम ८०० फुटाला १८०० चा दर धरून १४ लाख ४० हजाराचं होतं, म्हणजे सामान २ लाख ८८ हजारापर्यंत. जागेची किंमत यात नसते, फक्त बांधायचा खर्च.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, या पॉलिसीत कमी रकमेचा विमा काढला म्हणून कापाकापी करता येत नाही. जुन्या पॉलिसीत ती व्हायची. माझ्या मावसभावाचं २०१९ ला असंच झालं, बांधकाम २० लाखाचं, विमा १० लाखाचा, नुकसान २ लाख, तर कंपनी म्हणाली तुम्ही निम्म्याचाच विमा काढला होता म्हणून नुकसानही निम्मंच देणार. तो म्हणे अहो २ लाख तर १० लाखाच्या आत बसतायत की. पण नाही. याला ते अ‍ॅव्हरेज म्हणतात. तुमच्या कागदात तो शब्द आहे का बघा, आणि पॉलिसी गृह रक्षा असूनही तो लावला असेल तर तिथेच धरा त्यांना.

आता तुमचे पैसे कुठे कापले ते कळल्याशिवाय भांडण करता येणार नाही, म्हणून आजच एक ईमेल टाका की मला सर्वे रिपोर्टची कॉपी आणि आयटमवार हिशोब द्या. मागितला की द्यावा लागतो. आम्हाला कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं ताई रिपोर्ट आतला असतो, देत नाही. मी म्हटलं बरं, हेच ईमेलवर लिहून द्या. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तेव्हापासून मी फोनवर बोलणंच बंद केलं, फोन आला की "हो का, मेल करा ना" एवढंच.

रिपोर्ट उघडला तर काय, फ्रिज ६ वर्षांचा म्हणून ५० टक्के घसारा (वस्तू जुनी म्हणून किमतीत केलेली कपात), वॉशिंग मशिनला ५०, कपाटाला ६०, आणि गाद्यांना तर काहीच नाही, समोर नुसतं 'जुने' लिहिलेलं. सामानाचे आम्ही २ लाख १० हजार मागितले होते, त्यांनी ९२ हजार धरले. बांधकामाचे १ लाख २६ मागितले, ८८ धरले. एकूण १ लाख ८०.

रात्री जेवणं झाल्यावर पॉलिसीचं ते पुस्तक घेऊन बसले. इंग्रजी किचकट, पण सामानाच्या भागात सरळ लिहिलं होतं की एकतर दुरुस्तीचा खर्च देऊ किंवा ती वस्तू तशाच वस्तूने बदलून घ्यायचा खर्च देऊ. घसारा शब्द त्या कलमात कुठेही नाही. मग चारच ओळींचा मेल लिहिला, की या या कलमात बदलून घ्यायचा खर्च लिहिलाय, तुम्ही ५० आणि ६० टक्के कोणत्या कलमाखाली कापलेत तो नंबर कळवा. रडगाणं नाही, वडील म्हातारे आहेत वगैरे नाही, फक्त कलम विचारलं. पंधरा दिवस उत्तर नाही. मग तोच मेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, त्यांचा पत्ता पॉलिसीच्या कागदातच असतो, आणि तीच तक्रार इर्डाच्या पोर्टलवर पण टाकली. आता त्याला बिमा भरोसा म्हणतात, १५५२५५ वर फोन करूनही नोंदवता येते. तुमच्या पॉलिसीतलं कलम वेगळं असू शकतं, म्हणून माझं वाक्य उचलू नका, तुमच्या पुस्तकातलं शोधा.

बिलांचं सांगते. आमचीही बिलं लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात फायलीत होती, पाणी उतरल्यावर फाईल उघडली तर पिठाचा गोळा. मग काय काय केलं. फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर असतो, चिखल पुसून त्याचा फोटो. दुकानदाराकडे मोबाईल नंबरवरून जुनी एंट्री निघाली, दोन बिलांची डुप्लिकेट तिथे मिळाली. एक मशिन ऑनलाइन घेतलेलं, त्याचं बिल अ‍ॅपमध्ये होतंच. आणि ज्याचं काहीच नव्हतं त्याला कामी आले गणपतीचे फोटो! आमच्याकडे आरास हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी असते, २०२० च्या फोटोत मागे टीव्ही, शोकेस, सोफा, सगळं स्वच्छ दिसतंय. आईच्या हळदीकुंकवाच्या फोटोत तर दहा बायका सोफ्यावर ओळीने बसलेल्या. सर्वेयरला ते फोटो दाखवले तर तो पण हसला, पण टीव्ही आणि शोकेस त्याने घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपचा फॅमिली ग्रुप वर सरकवत बसा एक संध्याकाळ, निघेल तुमचंही.

त्याशिवाय तलाठ्यांच्या पंचनाम्याची कॉपी लावा. सरकारी मदतीसाठी केलेला असतो तो, पण पाणी घरात किती होतं त्याचा तो कागद कंपनीला सहज नाकारता येत नाही. आणि भिंतीवरची पाण्याची रेघ. आमच्या हॉलच्या भिंतीला चार फूट दोन इंचावर तपकिरी रेघ उमटली होती, भावाने टेप लावून धरला आणि मी फोटो काढला, टेपवरचा आकडा दिसेल असा, प्रत्येक खोलीत. नंतर सर्वेयर म्हणायला लागला की खालच्या प्लास्टरची ओल जुनी आहे, ती पुराची नव्हे. जुनी ओल असती तर एका पातळीत चारी भिंतींना सरळ रेघेत कशी दिसली असती? तो मुद्दा फोटोमुळे सुटला आणि बांधकामाचे ८८ चे ९७ झाले. जास्त नाही, पण झाले. वायरिंगचे पूर्ण मिळाले नाहीत, कारण इलेक्ट्रिशियनने नुसतं 'लाईट काम ३५०००' असं वहीच्या पानावर लिहून दिलं होतं. तुम्ही पॉइंट किती, वायर किती मीटर, स्विच किती असं लिहून घ्या त्याच्याकडून.

चिखल काढायचा खर्च मागितलात का? बहुतेक कुणी मागत नाही. गृह रक्षात मलबा काढण्याचे क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतात. आम्ही गाळ उपसायला ट्रॅक्टर ट्रॉली लावली होती, साडेसहा हजार गेले, त्यातले ५१०० मिळाले. घर राहण्यासारखं नव्हतं म्हणून दुसरीकडे भाड्याने राहिला असाल तर त्या भाड्याचंही कलम आहे. आम्ही विश्रामबागला आत्याकडे राहिलो त्यामुळे आम्हाला ते मागता आलं नाही, आत्या भाडं घेईल का.

जे मिळणार नाही त्यावर वेळ घालवू नका. कपाटातली रोकड नाही. सोनं वेगळं लिहून विमा घेतला नसेल तर नाही. गाडी पाण्यात गेली असेल तर ती गाडीच्या विम्यात, घराच्या नाही. तुमच्या ४ लाखात यातलं काही घातलं असेल तर आधी स्वतःच काढून टाका आणि नवीन आकडा द्या, उगाच बाकीच्या यादीवर शंका येते.

आता सहीचं. व्हाउचरवर 'संपूर्ण आणि अंतिम' असं काहीतरी असतंच. सही केली म्हणून पुढे तक्रार करायचा हक्क जात नाही असं इर्डाचंच म्हणणं आहे, पण मग मी नाइलाजाने सही केली होती हे सांगत बसावं लागतं आणि तो वेगळाच ताप. पैशाची फारच निकड असेल तर आधी मेल करा की ज्या रकमेवर वाद नाही ती द्या, बाकीचा हक्क राखून स्वीकारतो, आणि सहीखाली पण तेच लिहा. त्याचा फोटो काढून ठेवा.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नाहीच म्हणाली तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणारा अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखापर्यंतच्या तक्रारी घेतात, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालाने दिलेला निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पण ग्राहक आयोगात आधीच केस टाकली असेल तर लोकपाल घेत नाही, म्हणून आधी हा दरवाजा. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही, मेलमध्ये शेवटी 'अन्यथा लोकपालांकडे अर्ज करणार' एवढं लिहिलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी सामानाचे १ लाख ५८ आणि बांधकामाचे ९७ हजार, वर ते मलब्याचे ५१००, असे आले. पूर जुलैत. म्हणजे चार महिने गेले. २०२४ पासून नियम कडक झालेत, सर्वेयर २४ तासात नेमायचा, त्याने १५ दिवसात रिपोर्ट द्यायचा, नंतर ७ दिवसात कंपनीने निर्णय. तुमच्या तारखा एका कागदावर लिहून काढा, उशीर झाला असेल तर तक्रारीत घाला.

एक राहिलंच, बँक. तुमचं लोन चालू आहे ना, मग पॉलिसीवर बँकेचं नाव असणार आणि बांधकामाचे पैसे परस्पर कर्जखात्यात जाऊ शकतात. दुरुस्तीला हातात हवे असतील तर शाखेत जाऊन आत्ताच एनओसीचा (ना हरकत पत्राचा) अर्ज द्या, पैसे जमा झाल्यावर बँक मॅनेजर काही ऐकत नसतो.

आणि सोफा. सर्वेयरने तो पाहिलाय, पण आता तुम्ही रकमेवर वाद घालणार म्हणजे परत तपासणी होऊ शकते. शिवाय खराब वस्तूंची भंगार किंमत कंपनी क्लेममधून वजा करते, उद्या म्हणतील सोफा तुम्ही विकलात. त्यामुळे मेल करा की आरोग्याला त्रास होतोय, तीन दिवसात कळवा नाहीतर विल्हेवाट लावतो. तोपर्यंत चारी बाजूंनी फोटो, खालची फुगलेली प्लाय दिसेल असा एक, आणि टाकताना घंटागाडीत चढवतानाचा एक. आमची आई शेजाऱ्यांच्या शिव्या खात तो सोफा एकवीस दिवस अंगणात सांभाळून बसली होती, वर फिनेल शिंपडून.