हळूहळू उतरणारी हवा : सायकलच्या ट्यूबविषयी दोन प्रश्न

प्रश्न : मी मुलुंडला राहतो आणि कांजूरमार्गला सायकलने कामावर जातो. मागच्या चाकात रात्री हवा भरली की सकाळी चाक निम्मे बसलेले असते. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यातून फिरवून पंक्चर नसल्याचे सांगितले. ट्यूबच बदलून टाकावी का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : इतक्यात बदलू नये. सायकलची कोणतीही ट्यूब आठवड्या-दोन आठवड्यांत थोडी नरम पडतेच. परंतु एका रात्रीत चाक निम्मे बसत असेल तर हवा कोठून तरी नक्की निसटत आहे, आणि ती जागा न शोधता नवी ट्यूब घातली तर टायरमध्ये रुतलेली तार किंवा काच तिलाही भोक पाडील.

चाक खोलण्यापूर्वी व्हॉल्व्ह तपासावा, कारण ट्यूब बाहेर काढल्यावर तिच्यात पुरेसा दाब देता येत नाही आणि व्हॉल्व्हमधील बारीक गळती त्यामुळे लपून राहते. हवा पूर्ण भरावी, व्हॉल्व्ह चाकाच्या वरच्या टोकाला येईल असे चाक फिरवावे, म्हणजे त्याचे तोंड खाली होईल, आणि पाण्याने भरलेला पेला खालून वर नेऊन व्हॉल्व्ह त्यात बुडवावा. थोडा वेळ थांबून पाहावे. एखादा बुडबुडा तोंडाशी फुगून सुटत असेल तर दोष पिनेत, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत बसून हवा अडवणाऱ्या भागात, आहे. पिन चावीने आवळावी, तरीही न थांबल्यास बदलावी. अनेकदा काम इथेच संपते.

व्हॉल्व्ह निर्दोष असेल तर ट्यूब काढावी. मात्र टायर रिमवर कसा बसला होता आणि व्हॉल्व्ह त्याच्या कोणत्या अक्षरांसमोर होता, याची खडूने खूण करून ठेवावी. ही खूण केली नाही तर पुढचा अर्धा शोध वाया जातो. पंक्चरवाल्याला भोक दिसले नाही, याचे कारण बहुधा असे की त्याने ट्यूब जेमतेम फुगवली असावी. सुईच्या टोकाएवढे भोक रबर ताणल्याशिवाय उघडत नाही. ट्यूब नेहमीच्या जाडीच्या सुमारे दुप्पट होईपर्यंत फुगवावी, घमेल्यात वीतभर भाग बुडवून हाताने ताणून धरावा आणि त्यावर चिकटलेले हवेचे कण बोटाने पुसून टाकावेत. पुसल्यावरही त्याच जागी पुन्हा बुडबुडा आला, तर तेच भोक.

आता भोक कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, म्हणजे ते कशामुळे पडले हे कळते. रस्त्याकडच्या बाजूला असेल तर खुणेच्या आधाराने टायरवरील तीच जागा आतून-बाहेरून तपासावी. मोठ्या रस्त्यांवर ट्रकच्या फाटलेल्या टायरमधील केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा, तो जिथे अडकेल तिथे तार आहे. भोक रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून स्पोकचे टोक ट्यूबला लागत असणार. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार घडते, त्यामुळे त्या दिवसांत टायरवर छापलेल्या दाबापेक्षा हवा कमी पडू देऊ नये.

पॅच लावताना घाई हाच मुख्य शत्रू आहे. ट्यूब पूर्ण कोरडी करावी, पावसाळ्यात तर पंख्याखाली धरावी. भोकाभोवतीची चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपर मारावा, मध्ये साच्याची उंच रेघ येत असेल तर ती घासून सपाट करावी, अन्यथा तिच्या कडेने हवा वाट काढते. सोल्युशनचा (पॅच चिकटवण्याच्या द्रवाचा) पातळ थर पॅचपेक्षा मोठ्या जागेवर लावून सुमारे पाच मिनिटे सुकू द्यावा. तो ओला असताना पॅच दाबणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. तोंडाने फुंकर घालू नये, श्वासातील ओल त्यावर बसते. नंतर पॅचच्या कडा चमच्याच्या पाठीने घट्ट दाबाव्यात. व्हॉल्व्हच्या बुडाशीच रबर फाटले असेल तर तिथे पॅच टिकत नाही. त्या वेळी मात्र ट्यूब खुशाल बदलावी.

प्रश्न : वडिलांची जुनी काळी सायकल चाळीत पडून होती, ती चालवायला काढली आहे. दोन्ही चाकांची हवा तासाभरात उतरते. दोन्ही ट्यूब एकदम खराब होतील का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : बहुधा ट्यूब नव्हे, व्हॉल्व्हट्यूब खराब झाली आहे. या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये पिनेवर चढवलेली बारीक रबरी नळी हवा अडवते. सायकल वापराविना राहिली की ती नळी पिनेला चिकटते, कडक होते आणि चिरते, आणि दोन्ही चाकांच्या नळ्यांचे वय सारखेच असल्याने त्या एकाच सुमारास निकामी होतात. चकती सोडवून पिन बाहेर काढावी, जुने रबर नखाने पूर्ण खरवडावे आणि नवी नळी पाण्याने ओली करून पिनेवरचे बाजूचे छिद्र झाकले जाईल इतकी वर चढवावी. ती सहज चढावी म्हणून तेल लावण्याचा मोह होतो, परंतु तेलाने हे रबर फुगते आणि काही दिवसांतच सैल पडते.