ट्रकवाहतुकीचे सुरक्षा नियम कडक झाल्याने चालक आणि मालक यांच्यावर काय परिणाम होतो?

भारतापुरते बोलायचे तर सर्वांत मोठा फटका ओव्हरलोडच्या दंडाचा आहे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने हा दंड २,००० रुपयांवरून २०,००० रुपयांवर नेला, प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये ठेवले आणि वरचा माल उतरवण्याचा खर्चही वाहनधारकाच्याच माथी कायम ठेवला. भाडे बहुधा टनावर ठरत असल्याने, एक-दोन गाड्यांच्या मालकाचा नफा नेमका त्या जादा टनांतच असतो. मोठी कंपनी वाढलेला खर्च करारात मांडून ग्राहकाकडून वसूल करू शकते, तो मात्र करू शकत नाही.

चालकाला नियमांचा लाभ मिळतो, पण हळूहळू. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे आहे. जुन्या गाड्यांना नाही. दिवसाला आठ तासांची मर्यादा तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासूनच आहे, पण ज्याची कमाई फेरीवर मोजली जाते तो चालक आठ तासांनी गाडी बाजूला लावील, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते. तास मोजायचे, तर आधी मोबदल्याची पद्धत बदलावी लागेल.