‘नाउशिका’ चित्रपट पाहिल्यावर मूळ मंगा वाचावी का?

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा ‘वाऱ्याच्या खोऱ्यातील नाउशिका’ हा ॲनिमेशन चित्रपट आपण पाहिला आहे, आणि त्याच नावाच्या, त्यांनीच रेखाटलेल्या सात खंडांच्या मंगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेमध्ये, वेगळे काही हाती लागते की तीच गोष्ट जास्त पानांत सांगितली आहे, असे आपण विचारले आहे. गोष्ट तीच नाही. चित्रपट मनाला भिडला असेल तर मंगा अवश्य वाचावी, कारण चित्रपट जिथे संपतो तिथे मियाझाकी यांचा विचार जेमतेम सुरू झाला होता.

याचे कारण या दोन्ही कृतींच्या जन्मकथेत आहे. सहसा मंगा आधी लोकप्रिय होते आणि मग तिचे ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन रूपांतर, निघते. येथे मियाझाकी यांची चित्रपटाची कल्पना आधीच नाकारली गेली होती, कारण तिच्यामागे कोणतीही प्रसिद्ध मूळ कृती नव्हती. मग संपादक तोशिओ सुझुकी ज्या ‘ॲनिमेज’ मासिकात काम करीत होते, त्यात 1982 च्या फेब्रुवारी अंकापासून मंगा सुरू झाली आणि तिच्या यशामुळे 11 मार्च 1984 रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. म्हणजे चित्रपट तयार होत असताना कथा साधारण दोन खंडांइतकीच पुढे आली होती. मंगा पूर्ण झाली ती 1994 मध्ये, आणि मधल्या काळात घिबली या आपल्या ॲनिमेशन स्टुडिओचे चित्रपट करण्यासाठी मियाझाकी यांना ती वारंवार थांबवावी लागली. चित्रपटाचा शेवट हा अशा लेखकाने लिहिलेला शेवट आहे, ज्याला स्वतःच्या कथेचा शेवट अद्याप सापडलेला नव्हता.

नाउशिका ही विषारी बुरशीच्या अरण्याजवळच्या एका छोट्या खोऱ्याची राजकन्या. चित्रपटात तोल्मेकिया साम्राज्याचे सैन्य या खोऱ्यावर चालून येते. मंगामध्ये खोरे हे तोल्मेकियाचे करारबद्ध मांडलिक असल्यामुळे नाउशिकाला वडिलांच्या जागी त्याच साम्राज्याच्या बाजूने दक्षिणेच्या मोहिमेवर जावे लागते. समोर दोरोक नावाचे दुसरे साम्राज्य आहे, ज्याचा चित्रपटात मागमूसही नाही, आणि ते बुरशीचेच शस्त्र बनवून स्वतःचीच भूमी नासवते. नायिका शांततेचे प्रतीक म्हणून युद्धाबाहेर उभी राहू शकत नाही. तिचे हात रक्ताने माखतात आणि ते तिला ठाऊक असते.

सर्वांत मोठा फरक मला कुशानाच्या बाबतीत जाणवला. चित्रपटातील कुशाना ही तोल्मेकियाची, कृत्रिम हात असलेली, अरण्य जाळून टाकण्याची ईर्षा बाळगणारी सेनापती आहे, आणि दोन तासांच्या आत तिला याहून अधिक जागा मिळणे शक्यही नव्हते. मंगातील कुशाना मात्र सख्ख्या बापाच्या आणि सावत्र भावांच्या कारस्थानांतून जीव वाचवत वाढलेली राजकन्या आहे; तिच्यासाठी ठेवलेले विष तिच्या आईने पिऊन टाकले आणि त्यातून आई वेडी झाली, तेव्हापासून बाहुलीलाच ती आपली मुलगी समजते. अरण्यातील महाकाय कीटकांनी वेढलेल्या रणभूमीवर, हाताशी उरलेल्या मोजक्या सैनिकांसोबत मृत्यूची वाट पाहत असताना ही कठोर स्त्री अंगाईगीत गाऊ लागते. ते पान वाचल्यानंतर मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

येथून पुढे कथेचे एक रहस्य उघड होते. ते स्वतः वाचूनच कळावे असे वाटत असेल तर हा परिच्छेद सोडून द्यावा. विषारी अरण्य दूषित माती शुद्ध करीत आहे, हा शोध चित्रपटात दिलासा म्हणून येतो. मंगा त्याच शोधाला पुढचा प्रश्न विचारते: हे अरण्य निर्माण कोणी केले? उत्तर असे की प्राचीन मानवांनीच ते योजनापूर्वक घडवले आणि आजची माणसेही विषारी हवेत तगून राहावीत म्हणून बदलण्यात आली. त्यामुळे जग पूर्ण शुद्ध झाले तर त्या हवेत नाउशिकाचे लोक जगू शकणार नाहीत. चित्रपटात वितळत कोसळणारा महाकाय योद्धा, म्हणजे प्राचीन काळातले जिवंत शस्त्र, येथे ‘ओमा’ हे नाव मिळालेले, नाउशिकाला आई म्हणणारे मूल होतो, आणि त्याला सोबत घेऊन ती जो निर्णय घेते त्याच्याशी मी आजही पूर्णपणे सहमत होऊ शकलेलो नाही.

यावरून चित्रपट कमी प्रतीचा आहे असा अर्थ काढू नये. जो हिसाइशी यांचे संगीत आणि पंखासारख्या ग्लायडरवरून झेपावणाऱ्या नाउशिकाचे उड्डाण मंगाच्या पानावर येऊ शकत नाही. मात्र संपूर्ण कथेचे रूपांतर करण्याचा मोठा प्रयत्न पडद्यावर नव्हे तर रंगमंचावर झाला: डिसेंबर 2019 मध्ये तोक्योच्या शिनबाशी एनबुजो नाट्यगृहात सातही खंडांवर आधारित, काबुकी या पारंपरिक जपानी शैलीतले नाटक दिवसाच्या आणि रात्रीच्या अशा दोन प्रयोगांत सादर झाले.

वाचताना एक काळजी घ्यावी. चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात आणि मियाझाकी यांची रेखाटने इतकी दाट आहेत की एका पानावर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. पहिले दोन खंड ओळखीचे वाटतील, पण ते चाळून पुढे जाऊ नये. तो खोऱ्याचा करार आणि कुशानाच्या भावांचे उल्लेख तिथेच येतात, आणि चौथ्या खंडापासून त्यांची गरज पडते.