लिंबावरची अळी, लाल शिंगं आणि तो वास

फोटो पाहिले. कोथरूडच्या गच्चीत कुंडीतल्या लिंबावर आधी चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी, मग मोठाले डोळे असलेली हिरवी अळी, आणि काडी लावली तर डोक्यामागून लाल शिंगं अन् घाण वास. विषारी आहे का, फवारू का, असं विचारलंत. विषारी नाही, आणि फवारू तर अजिबात नका.

शीट आणि हिरवी अळी हा एकच जीव. करंगळीएवढी जाड झालीये म्हणजे बहुतेक ब्लू मॉरमॉन फुलपाखराची, आपलं नीलवंत. पंख पसरले की 12 ते 15 सेंटीमीटर, काळ्यावर फिकट निळे पट्टे. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू केलं ते हेच; असं करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लायच्या अळ्याही लिंबावर अशाच दिसतात, त्यामुळे फोटोवरून पैज लावणार नाही.

लहानपणी ती पानावर उघड्यावर बसते. तपकिरी अंग, मध्ये पांढरा डाग, वर ओलसर चकाकी. बुलबुल कशाला शिटेला चोच लावेल? पण अळी बोटाएवढी झाली की तेवढी मोठी शीट कोणाला पटणार? म्हणून शेवटची कात टाकून ती पानाच्या रंगाची होते. ते डोळे मात्र खोटे आहेत. खरं डोकं पुढे, खाली दुमडलेलं असतं, आणि डोळ्यांचे ठिपके त्याच्या मागे, फुगवलेल्या छातीवर. नीट बघा, सापाचा भास होतो.

शिंगं म्हणजे ऑस्मेटेरियम. एरवी डोक्यामागे आत वळलेली मऊ पिशवी. छेडलं की अंगातल्या द्रवाच्या दाबाने बाहेर उलटते. टोचत नाही, चावत नाही. वास मोठ्या अळीत आयसोब्युटिरिक आम्लासारख्या आम्लांचा, खवट लोण्यासारखा. लहान अळ्यांच्या पिशवीत मुख्यतः टर्पिनं, म्हणजे झाडांच्या सुगंधी तेलांत असतात तसली रसायनं, असतात. मुंग्या, कोळी असल्या छोट्या शत्रूंना हा वास झोंबतो. अंगावर खाजरे केस नाहीत, तेव्हा हात लागला तरी साबणाने धुतला की झालं. पण मजा म्हणून पुन्हा पुन्हा काडी लावू नका, तिची ताकद त्यात खर्ची पडते.

पानं खाणारच. लिंबाला पुन्हा फूट येते. रोप अगदीच लहान असेल तर एक-दोन अळ्या ठेवा, बाकीच्या फांदीसकट शेजाऱ्यांच्या लिंबावर किंवा पपनसावर सोडा. निमतेलही नको, त्यानेही अळ्या मरतात. नर्सरीतून नवं रोप आणून त्यावर लगेच अळ्या ठेवू नका; त्यावर आधी कोणतं औषध फवारलंय ते कळत नाही.

खाणं थांबवून ती इकडेतिकडे फिरू लागली की कोषाची वेळ आली समजा. कमरेला रेशमाचा दोरा बांधून, डोकं वर करून टेकते. कोष आसपासच्या रंगाप्रमाणे हिरवा नाहीतर तपकिरी. या अवस्थेत शिंगंही नाहीत अन् वासही नाही. बारीक परजीवी गांधीलमाश्या नेमक्या इथे गाठतात आणि आत अंडी घालतात. कोषाला एखादं टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर त्यातून फुलपाखरू नाही, त्या माश्या बाहेर पडल्या.