बीसीजी चालू असताना सांधे सुजले तर
दादा, वयामुळे होतंय म्हणून अंगावर काढू नका. बीसीजी म्हणजे क्षयाच्या लसीतलेच जिवंत पण कमजोर केलेले जंतू, मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपचार म्हणून ते मूत्राशयात सोडले की प्रतिकारशक्ती खवळते आणि क्वचित कुणाकुणाचे गुडघे, घोटे, मनगटं सुजतात, माझा तर गुडघा हात लावला की गरम लागायचा आणि सकाळी पाय टेकवत नव्हता. डोळे लाल झालेत का तेही बघा, दोन्हीचा संबंध असतो. पुढचा डोस घ्यायच्या आधी युरॉलॉजिस्टला सांगाच, बहुतेक डोस थांबवतात, सुजेच्या गोळ्या देतात, गरज पडली तर स्टिरॉइड. पेनकिलर मात्र मनाने नको, किडनी बघावी लागते. आणि ताप १०१ च्या वर गेला, हुडहुडी भरली तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.